बारावा माणूस

देवळाची किल्ली आधी वडिलांकडे होती,
आता माझ्याकडे. वीतभर लोखंड,
कमरेला बांधलं की चालताना मांडीला आपटतं.
स्वानेतीत गावोगाव असा एक जण असतो, किल्लीचा धनी.
बाई मात्र मी पहिलीच. दोन हिवाळे लोक कुरकुरले,
मग त्यांच्या भांडणांना माझी गरज पडली.

कोर्ट आहे, खाली मेस्तियात,
जीपने तीन तास, तेही दरड पडली नसेल तर.
म्हणून गवताचं, गाईचं, बांधाचं
सगळं माझ्या दारात येतं.
आत देवदूताची चांदीची तसबीर आहे,
नाक झिजलेलं, एक पंख कुणीतरी कधीतरी उचकटून नेलेला.
तिच्यासमोर खोटं बोललं तर काय होतं, मला माहीत नाही.
अजून कुणी बोलून बघितलेलं नाही,
किंवा बघितलं असेल तर सांगितलेलं नाही.

ऑगस्टात मुश्नीवर आळ आला:
बांधाचा दगड त्याने रातोरात सरकवला,
बिमुर्झाच्या कुरणात चार पावलं.
मुश्नी म्हणाला, घेतो शपथ.
पंच म्हणाले, एकट्याची नको. बारा जण आण.
त्याने दगडाबद्दल बोलायचं
आणि बारांनी त्याच्याबद्दल.

अकरा आले. दाढी करून, बुटांची माती झाडून,
एक तर तिबिलिसीहून रात्रभर गाडीत बसून,
दुसऱ्याचा कोट घालून.
त्यांना रांगेत बघताना मला उगाच आठवलं,
पोरं असताना आम्ही दिवसाला वीस शपथा खायचो,
आईची, डोळ्यांची, शेंबड्या भावाची,
आणि संध्याकाळी 'सुटली, सुटली' म्हणून मोकळे.
मोठेपणी 'सुटली' म्हणणारं कुणी नसतं.
खाल्लेली असते ती तशीच राहते पोटात,
गिळलेल्या गुंडीसारखी.

बारावा जोकिया. मुश्नीचा मेहुणा.
सोळा वर्षांपूर्वी हिमकड्याखालून
याच मुश्नीने त्याला फावड्याने, मग नखांनी उकरून काढलेला.
उजव्या हाताची दोन बोटं तेवढी तिथेच राहिली.
तो उंबऱ्यापर्यंत आला, टोपी काढली,
आणि थांबला.

म्हणाला, "जीव माग, मुश्नी. आत्ता देतो, इथेच.
पण त्या रात्री मी झोपलो होतो."

खालच्या उतारावर कुणाच्या तरी गाईची घंटा वाजत राहिली.
मुश्नीचा चेहरा मी पाहिला नाही, किल्लीकडे बघत होते.
बिमुर्झाचा पाहिला. ज्याचं कुरण गेलं होतं
तोच खजील झाल्यासारखा दिसला.

शपथ झाली नाही. मी दार लावलं.
आणलेल्या मेणबत्त्या परत देऊ केल्या,
मुश्नीने हात पुढे केला नाही.

तेव्हापासून मेहुणे बोलत नाहीत.
मध्ये कातेवान, एकाची बायको, दुसऱ्याची बहीण,
भावाच्या घराकडे पाठ करून गवत पिंजते.
गाव म्हणतं, जोकिया उपकार विसरला.
असेल. मी या दारात सदतीस शपथा ऐकल्या,
सगळ्यांचे शब्द तेच, पाठ केलेले,
कुठली खरी ते पंख नसलेला जाणे.
ही एक घेतलीच नाही,
आणि हीच मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

पहिल्या बर्फाआधी दगड पुन्हा हलला.
बिमुर्झा म्हणत होता तिथेही नाही,
मुश्नी म्हणत होता तिथेही नाही,
दोन पावलं अलीकडे, दोन पलीकडे.
कुणी हलवला, कुणीच विचारलं नाही.
दोघांनीही आपापलं गवत त्या दगडापर्यंतच कापलं.

पहाटे मी तिथून गेले होते.
ओल्या मातीत, दगडाला टेकून,
एका हाताचा ठसा होता.
मी त्याच्यावर पाय ठेवला आणि पुढे गेले.
बोटं मोजली नाहीत.
उद्या कुणी विचारलंच,
तर मला शपथेवर सांगता यायला हवं.