बोटं

गोकाकात आमच्या घरी लाकडाची फळं पिकायची.
पेरू, कवठ, सीताफळ,
चिंचोक्याच्या खळीत कालवलेला भुसा, वर रंग.
बाप्तिस्म्याआधी बाबा देव करायचे.
पाण्यातून वर आले ते फळं घेऊनच.

चेहऱ्याची बारीक पटाशी मात्र टाकली नाही.
त्या दिवशीच्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळून फळीवर ठेवली.
आम्ही हात लावायचा नाही.
पाळक आले की ती खाली यायची:
"तीस वर्षं झाली, एक नाक कोरलं नाही."
आई चहा गाळता गाळता म्हणे,
पेरूला नाक नसतंच.

मग खानापूरची पावलिनमावशी आली, एस्टीतून,
मांडीवर टॉवेलात, बाळासारखी, मरिया.
उजव्या हाताची तीन बोटं नव्हती.
"मांजरानं पाडली की रे. आठ तारखेला सण."
"आम्हाला चालत नाही. दुसरी आज्ञा."
"आमच्यात ती पहिलीच्याच पोटात आहे बघ,"
असं म्हणून तिनं पाणी मागितलं.

आज्ञा तीच, मोजणी वेगळी.
आमच्या बेळगावचं नाव जसं:
एका पाटीवर असं, दुसरीवर तसं,
आणि दोन्हीकडच्या पोरांच्या हातात डांबराचा डबा.

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.
नाडी बघावी तसा नुसता हात धरला.
मग फळीवरचा पंचा काढला.
गाठ सुटेना. दातांनी सोडवली.

रात्रीतून तीन बोटं झाली, नखांसकट.
अंग सागाचं, बोटं आमच्या हलक्या लाकडाची.
करंगळी जरा वाकडी,
आईची आहे तशी.

पाळकांना कुणीतरी सांगितलंच.
रविवारी उपासनेनंतर ओसरीवर बाबा म्हणाले,
"मूर्ती नाही केली. बोटं केली."
मग बराच वेळ काही नाही.
मग, आवाज खाली गेलेला:
"मूर्ती होती माझी. त्या फळीवर होती.
तीस वर्षं तिची धूळ पुसली मी.
येशूपुढं कमी बसलो असेन."
पाळकांनी चष्मा काढला,
परत घातला.

पंचा आता फरशीला.
पटाशीनं आई रंगाच्या डब्याची झाकणं उचकटते,
काल तर खरं कवठच फोडलं तिनं.
"धार जाईल गं," मी म्हटलं.
बाबा सीताफळाचे डोळे रंगवत होते.
वर बघितलं नाही.