एकच सर्वनाम

तेलावीत, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाइनचे दर्दी जमतात.
बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं,
मानेला दोरा, दोऱ्याला नंबर.
अकरा पुरुष. आणि पिक्रिया,
जिला पहिल्या दिवशी दारातच विचारलं होतं,
कुणाबरोबर आलात?

ही गोष्ट मराठीत सांगताना माझी पंचाईत होते.
जॉर्जियनमध्ये तो नाही, ती नाही,
एकच सर्वनाम सगळ्यांना पुरतं,
बापाला, बहिणीला, दारातल्या अक्रोडाला.
क्रियापदही कुणाची चुगली करत नाही.
आपल्याकडे 'आले गं' एवढं ऐकलं
की अंधारातही कळतं कोण आलं.

तर सात नंबरची बाटली फिरली
आणि जेमाल डोळे मिटून म्हणाला,
ज्या हातांनी हे केलंय त्यांना घाई नव्हती.
अंझोर म्हणाला, मनगटात जोर असल्याशिवाय
सापेरावी अशी ताठ उभी राहत नाही.
म्हातारा वालिको, पंचक्रोशीत ज्याचं नाक मानतात,
ग्लास दिव्यासमोर धरून बराच वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला,
आजोबांच्या हाताखाली राबल्याशिवाय हे येत नाही.

पिक्रियाने पावाचा तुकडा मोडला.

तिच्या आजोबांनी तिला तळघराची पायरी उतरू दिली नव्हती.
तुझी सावली पडली तर आंबेल, म्हणायचे,
अगदी आपल्याकडे लोणच्याबद्दल म्हणतात तसंच.
आजोबा गेले, भाऊ पोलंडला ट्रक चालवायला गेला,
तेव्हा एकतिसाव्या वर्षी
ती जमिनीत पुरलेल्या रांजणात शिडी टाकून उतरली,
चेरीच्या सालीचा कुंचा घेऊन.
आत घासताना श्वास घुमायचा.
वर ताटाएवढं आभाळ,
आणि त्यात शेजाऱ्यांची डोकी, बघायला आलेली.

कागद सोडला. लेबलवर नुसतं प. बुरदुली.
त्यांच्या आडनावांनाही लिंग नसतं.
कोण हा बुरदुली? अंझोरने विचारलं.

'हा' मी लिहिलाय.
अंझोरच्या वाक्यात तो नव्हता.
तिथे नुसती रिकामी जागा होती
आणि त्या जागेत अकराच्या अकरा जणांनी
एकच माणूस बसवला होता,
मिशीवाला, रुंद खांद्यांचा, बहुतेक कुणाचा तरी नातू.

पिक्रिया म्हणाली, मी.

हा शब्द मला बदलावा लागला नाही.
मी तिकडेही मी, इकडेही मी.

जेमालने पुन्हा एक घोट घेतला.
म्हणाला, आता नीट पाहिलं तर जरा हळवी आहे, नाही?
कुणी म्हणालं, शेवटी गोडवा येतो.
कुणी म्हणालं, जेवणाआधी गप्पा मारताना छान.
वालिकोने अतिशय प्रेमाने विचारलं,
पोरी, दाबायचं काम नवरा करतो की गडी?
तोच ग्लास.
तळाशी तेवढीच उरलेली,
मधे फार तर चार मिनिटं गेली असतील.

मग तमादा उठला.
मेजवानीत कुणाच्या नावाने प्यायचं हे तो ठरवतो.
तो स्त्रियांविषयी बोलला, सुंदर बोलला,
आई, द्राक्षवेल, दिव्याची वात, सगळं आलं.
अकरा खुर्च्या मागे सरकल्या.
रिवाज असा की या वेळी पुरुष उभे राहतात
आणि बायका बसून राहतात.
तिच्या डोक्यावरून ग्लास ग्लासांना भिडले.
सात नंबरची बाटली संपली.

पिक्रियाने वही उघडली.
सातसमोर लिहिलं :
टॅनिन अजून कच्चं. देठं जास्त पडली.
बाटलीत भरायची घाई झाली,
अजून वर्षभर थांबायला हवं होतं.

यातलं एकही कुणाच्या नाकाला कळलं नव्हतं.

वर अजून भाषण चालू होतं.
तिने आठ नंबरचा ग्लास पुढे ओढला
आणि कडेला नाक लावलं.