हळकुंडाचा उंट

पुरात पांढरा एक उंट वाहून गेला.
तेव्हापासून दस्तगीर नदाफ त्याच्या घरात
हळकुंड उभं करतात.
राजापुरी, जाड, बुडाशी कानशीने घासून सपाट केलेलं.
तिरकं नीट चालतं. फक्त
जिथे टेकतं तिथे पिवळा डाग राहतो.

खणभागात, गादी कारखान्याच्या मागच्या खोलीत
रोज सहाला पट मांडतो आम्ही.
मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला,
ते चाळीस वर्षं कापूस पिंजतात.
हरते बहुधा मीच.

भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा:
खालची दोन हजार पाचची, वरची एकोणीसची.
वरच्या रेघेवर बोट टेकून मी म्हणते,
अशीच सरकत गेली हो ती सीमा, पण वरून खाली,
उत्तरेकडून समुद्राकडे.
टोलेडो, एक हजार पंच्याऐंशी.
कॉर्डोबा, बाराशे छत्तीस.
बारा वर्षांनी सेव्हिल.
मग जवळजवळ अडीचशे वर्षं एकटं ग्रानाडा,
बर्फाच्या डोंगराला पाठ लावून,
खंडणी भरत.

"खंडणी?" प्यादं हवेत धरून नदाफ थांबतात.

खंडणी. सोन्याची.
ती तर जुनीच रीत तिकडची.
एकेका शहराचे धनी झालेले अमीर
शेजारच्या अमिराच्या धाकाने
उत्तरेच्या ख्रिस्ती राजाला पैसे मोजायचे.
तो त्या पैशातून घोडे घ्यायचा,
आणि एखाद्या साली यांच्याच वेशीवर.
साताऱ्याच्या शाळेत हे सांगितलं की
मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "चौथाई, बाई!"
आणि अख्खा वर्ग खूश.
घेणारे आपण असलो
की शब्द कसा गुळासारखा लागतो.

आणि कोण कुणाच्या बाजूचं, ते विचारूच नका.
अमिराच्या पदरी ख्रिस्ती भालाईत,
ख्रिस्ती राजाच्या छावणीत रुसून आलेले मुसलमान सरदार,
एकाच सणाला दोन्हीकडे मेजवानी.
"पगार कोण देतो ते बघायचं," नदाफ म्हणतात,
"आपल्याकडं काय वेगळं होतं?"
आणि माझा घोडा मारतात.

हा पट तिकडे अरबांनीच नेला.
ज्याला आपण उंट म्हणतो
त्याला स्पेनमध्ये अजून अल्फिल म्हणतात.
अरबीतला अल्‌-फील. हत्ती.
हमामं बंद केली, नावं बदलायला लावली,
बदलली त्यांनाही शंभरेक वर्षांनी गलबतात घातलं,
हत्ती मात्र राहिला पटावर.
कुणाच्या ध्यानातच आलं नसावं.

नदाफ हळकुंड उचलून डोळ्यांपाशी धरतात.
"हा हत्ती?"
हत्ती. इकडे उंट. इंग्रजीत पाद्री.
"आणि बाजारात क्विंटलला भाव."
हसतात. मग, हसता हसताच,
"गेले ते कुठं गेले?"

समुद्रापार, मी म्हणते. फेसला, ट्यूनिसला.
असं सांगतात की घराच्या किल्ल्या सोबत नेल्या,
पिढ्यान्‌पिढ्या खुंटीला टांगून ठेवल्या.

कापसाचा एक पुंजका पंख्याखाली फिरत होता.
तो खाली बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

"मीपण नेली होती किल्ली. बहिणीकडं, कवठ्याला.
चौदा दिवसांनी आलो.
कुलूप सापडलं, चिखलात, लावलेलंच.
दार नव्हतं."

बुद्धिबळात राजा मरत नाही, त्याची जागा संपते,
असं एक वाक्य होतं माझ्याकडे,
दर वर्षी धड्याच्या शेवटी वापरलेलं.
ते मी गिळलं.

"शह," ते म्हणाले, हळकुंडाने.

मी राजा उचलला,
एकच घर मोकळं होतं,
पिवळं झालेलं.
तिथे ठेवला.