गुणक

लल्लूभाई कंपाऊंड, मानखुर्द. लिफ्ट बंद.
सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत
टॅबलेटमध्ये चार घरांना कुलूप नोंदवून झालं होतं,
आणि पाचव्यातला माणूस दारातूनच म्हणाला,
मागच्या सर्व्हेचं काय झालं ते सांगा, मग आत या.

त्याला काय सांगणार.
मागच्या सर्व्हेची टक्केवारी झाली.

सहाशे चौदा. उबाळे.
नवरा वॉचमन, एजन्सीमार्फत, बारा तास,
लेखी करार नाही, भरपगारी रजा नाही. एकतीस.
मुलगा सिद्धांत, जेवणाची पार्सलं पोचवतो.
स्वतःचा धंदा की नोकरी?
तो हसला. ॲपला विचारा.
अकरा.
सासरे, पूर्वी रंगाच्या कारखान्यात, आता खोकला.
पंचाण्णव.

मग प्रयागाबाई. वय एकेचाळीस की त्रेचाळीस,
तिनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं कॅलेंडरकडे.
मी झोपेतही विचारतो तो प्रश्न विचारला:
गेल्या सात दिवसांत, कुठल्याही दिवशी,
निदान एक तास तरी काम केलंत का?
"नाही हो. मी घरीच असते."
"घरीच असते ती," नवरा म्हणाला.
मी ब्याण्णव दाबलं.

आता हे जरा थांबून ऐका, बातमीत हे येत नाही.
नमुन्यातला माणूस एकटा नसतो, त्याला गुणक असतो.
प्रयागाबाईचा होता दोन हजार सहाशे अठरा.
म्हणजे मी ब्याण्णव दाबलं तेव्हा
दोन हजार सहाशे अठरा बायका
हातातलं तसंच टाकून उठल्या
आणि राज्याच्या बेरजेबाहेर जाऊन बसल्या.
कुणी तक्रार केली नाही.
एकीनं जाता जाता गॅस तेवढा बारीक केला.

निघताना चपलेत पाय घातला तर काही टोचलं.
काचेचा खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा.
दाराआड पिशवी, पिशवीत कानातली, निम्मी चमकणारी.
हे काय?
"हे होय. टीव्ही बघता बघता चिकटवते. ग्रोसला बारा रुपये."
दिवसाला किती?
"पोरगं जेवून जाईस्तोवर तीन. रात्री डोळे चालले तर अजून दोन."
मग हे काम नाही?
ती बोटावरचा वाळलेला गोंद सोलत राहिली.
"कामाला गेलं तर काम."

नवऱ्याला शंका आली, लिहिल्यावर रेशन बंद होईल का.
मी म्हटलं, नाही, ह्यानं काहीच होत नाही,
आणि माझं मलाच ते कसंसं वाटलं.
"मग लिहा की," प्रयागाबाई म्हणाली.
मी ब्याण्णव खोडलं. अकरा.
दोन हजार सहाशे अठरा जणी परत आत आल्या,
कुठं बसायचं ते विचारत.

सहा मजले उतरताना हिशेब मांडत होतो:
अठ्ठावीस वर्षं, इतकी घरं,
किती दारांतून मी चप्पल घालून सरळ निघालो,
पायाला काही न टोचता.
त्या सगळ्यांचे गुणक.
तिसऱ्या मजल्यावर हिशेब सोडून दिला.

तीन महिन्यांनी आकडा आला. राज्यात एकूण रोजगार
इतके कोटी, पुढे एकच दशांश.
टायवाले गृहस्थ पडद्यावर म्हणाले, स्थिर आहे.
बांद्र्याच्या ऑफिसात देवरुखकर मॅडमना विचारलं,
माझ्या त्या बायका ह्यात कुठं आहेत?
त्या पेन खाली ठेवत म्हणाल्या, दशांशाच्या पुढे कुठंतरी.
छापताना तेवढं सोडावं लागतं.

खडा माझ्याकडेच राहिला.
चपलेच्या तळव्यात रुतून बसला होता, घरी आल्यावर दिसला.
तेव्हा कुठं आठवलं,
एक खडा कमी म्हणजे एक कानातलं अपुरं,
म्हणजे एकशे त्रेचाळीस,
आणि एकशे त्रेचाळीसला ग्रोस म्हणत नाहीत.
तिच्या शेठकडे दशांश नसतो.