चालवता येत नाही तिथे

पहिली शर्यत नोव्हेंबरात,
हिप्परग्याच्या तलावामागं, ऊस तोडून नेलेल्या रानात
फक्की मारून आखलेली वाट.
त्रेचाळीस जण, सहा फेऱ्या.
मी बेचाळिसावा.

राजेश्वरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
मान वर न करता म्हणाली, "त्रेचाळिसावा कोण?"
"एका पोराची चेन तुटली."
"मग बरोबर," म्हणाली,
आणि हातातल्या विडीचं तोंड दुमडलं.

माझी सायकल इराण्णा मिस्त्रीनं जुळवलेली.
फ्रेम एकाची, पुढचं चाक दुसऱ्याचं,
ब्रेक कुण्या तिसऱ्याचे.
भावकीसारखे वागतात तिघं,
उतारावर तर एकमेकांशी बोलतच नाहीत.

डिसेंबरात आदल्या रात्री अवकाळी पडला.
आमच्याकडची काळी माती पाहिली नसेल तुम्ही.
ती चाकाला लागत नाही, चाकच मागून घेते.
फोर्कमध्ये, ब्रेकमध्ये, बुटात, दाढेत.
बारा किलोची सायकल पंचवीसची होते
आणि माणूस हँडल धरून उभा,
नाक्यावर अडवल्यासारखा.
पुण्याच्या पोरांकडं दोन दोन सायकली.
एक माखली की दुसरी,
कडेला बाप पाण्याचा पाइप घेऊन तयार.
मी बाभळीच्या काडीनं माती उकरत बसलो.
तिसऱ्या फेरीत सोडून दिली.
निकालात नावापुढं आकडा नाही,
एक आडवी रेघ.

सोमवारी मागांच्या खडखडाटात
नरसय्या ओरडला, "काय बे, कितवा?"
मी नुसता हात हलवला.
आमच्या शेडमध्ये हार काय, जीत काय,
हातानंच सांगायची.
एक बरं असतं त्यात,
सविस्तर कुणी विचारत नाही.

गड्ड्याच्या आठवड्यात सराव बुडाला.
पोरीला पाळण्यात बसवलं, मीही बसलो.
वर गेल्यावर गाव चपटं दिसतं,
चढ कुठले, उतार कुठले, काही कळत नाही.
खाली आल्यावर भजी खाल्ली. दोन प्लेट.

आणि मग जानेवारीची शेवटची,
तिच्यात त्यांनी मध्येच बांध घातला.
चालवता येत नाही तिथे.
उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पळायचं,
पलीकडं पुन्हा बसायचं.
सगळे त्या बांधाला शिव्या देत होते.

मी वीस वर्षं ताण्याचे बीम वाहतो.
वजन मानेवर घ्यायचं नाही,
मानेशेजारी एक खळ असते, तिथं बसवायचं,
श्वास पोटातून, पावलं बारीक,
आणि वाटेत कुणी हाक मारली तरी वळायचं नाही.
एवढंच. कुणी शिकवलं नव्हतं.
पहिल्या फेरीत बांधावर तिघं मागं पडले.
दुसऱ्या फेरीत पाण्याच्या पाइपवाल्याचा पोरगा.
सपाटीवर ते पुन्हा गाठायचे,
बांधावर मी पुन्हा सुटायचो.
इराण्णा कडेनं पळत ओरडत होता,
"उतर! उतरून जा की बे!"
अशी शाबासकी मी ऐकली नव्हती कधी.

एकोणतिसावा.

"कट्ट्यात बसायला चार जास्त," राजेश्वरी म्हणाली.
तिचा कट्टा पंचवीस विड्यांचा.

फेब्रुवारीत बांध नव्हता. छत्तिसावा आलो.
खोटं कशाला सांगू.

रात्री खांद्याला तेल लावताना तिनं विचारलं,
"हा काळा डाग बीमचा का सायकलचा?"
मलाही सांगता येईना.
दोन्ही एकाच जागी बसतात.
तिनं अंगठ्यानं जरा दाबून बघितलं,
कच्ची विडी बघावी तसं,
आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी बांध किती आहेत
ते आधी विचारून या."