सावलीचं माप

माझे सासरे सावली हाताने मोजतात.
पानावर टीचभर उंच तळवा धरायचा
आणि बोटांच्या कडा बघायच्या.
कडा सुरीसारख्या उमटल्या, तर ऊन अजून फार.
विरघळल्या, तर पुरे.
वय एक्याऐंशी. नाव तोकुजी.
तळव्यावर चहाचा काळा डाग,
धुऊन जात नाही, आणि त्यांना घालवायचाही नाही.

माकिनोहाराच्या पठारावर आमचा पाऊण एकर चहा.
पूर्वी खुडणीआधी वीस दिवस
ते मांडवावर भाताचा पेंढा पसरायचे,
आधी विरळ, मग दाट,
झोपलेल्या पोरावर पांघरूण ओढावं तसं,
तोंड उघडं ठेवून.
अंधारात पान गोड होतं.
उन्हात वाढलेलं तुरट, भांडखोर.
मग त्यांची पाठ गेली. पेंढ्याच्या जागी काळं कापड आलं,
मग कापड ओढायलाही माणूस मिळेना.
नवरा हामामात्सूच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
शेजारच्या तीन बागा बांबूने गिळल्या.

तेव्हा मी खांबांची गोष्ट काढली.
जेवताना. चुकलंच.
"काच पेरणार?" एवढंच विचारलं त्यांनी
आणि मुळ्याचं लोणचं चावत राहिले, मोठ्याने.

खांब आले. तीन मीटर उंच,
वर अरुंद काळ्या-निळ्या पट्ट्या,
दोन पट्ट्यांमध्ये आभाळाची फट.
कवडसे रांगांवरून चालत चालत
संध्याकाळी पंपघरापाशी पोचायचे.
बसवायला आलेला पोरगा, हिओमी,
टॅब्लेटवर बोट फिरवत म्हणाला,
कोन तीस ठेवतो, वीज भरपूर.
तोकुजी पहिल्यांदाच पुढे आले.
पानावर तळवा धरला.
"आज उभ्या कर. तेवीस दिवस आहेत अजून.
आत्ताच अंधार केलास, तर झाड रुसेल."
पोरगा माझ्याकडे बघू लागला. मी आभाळाकडे.

शेवटी त्याने एक लोखंडी चाक बसवून दिलं.
रोज सकाळी सासरे ते फिरवतात,
सूर्याला किती आत घ्यायचं ते ठरवतात.
विजेचा हिशेब माझा. सावली त्यांची.

वसंत लागल्यापासूनच्या अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीनंतर
दहिवर गोठत नाही, असं इथे म्हणतात.
सत्त्याऐंशीव्या रात्री गोठलं.
वारा नाही. चांदणं काचेसारखं.
अडीच वाजता शेडमधली बॅटरी घसा खाकरून जागी झाली
आणि उंच खांबांवरचे पंखे
वरची ऊब खाली लोटू लागले.
काल दुपारचं ऊन होतं ते,
आमच्याच पट्ट्यांवर पडलेलं.

सासरे रांगेत उभे, अंगात रजईचा कोट.
"काल मी चाक दोन आटे उभं ठेवलं," ते म्हणाले,
"पानांसाठी."
म्हणजे बॅटरीत तेवढं कमी.
आकडा मी त्यांना सांगितला नाही.
चार वाजता एकोणीस. साडेचारला अकरा.
सूर्य उगवेपर्यंत
सूर्य पुरेल का,
असला प्रश्न मी आयुष्यात कधी केला नव्हता.
चार चाळीसला आकडा चारवर
आणि शेवटच्या रांगेवरचा पंखा
एकेक पातं दिसेल इतका मंद.
मग बांबूंच्या मागून एक तिरीप आली,
बारीक, कोवळी,
पट्टीच्या कडेला टेकली.
सासऱ्यांनी चाकाला हात घातला
आणि सगळ्या पट्ट्या तिच्याकडे वळवल्या.
झाडांच्या वाट्याला त्या सकाळी काहीच आलं नाही.

बांबूलगतच्या दोन रांगा करपल्या.
बाकीचं पान आम्ही महिनाअखेरीस खुडलं.
पहिली किटली हिओमीसमोर उघडली.
तोकुजींनी घोट तोंडात घोळवला,
डोळे मिटले, पुन्हा घोळवला.
"दोन दिवस जास्त झाली सावली,"
म्हणाले, आणि पेला पुढे केला:
"अजून ओत."