रंकाळ्यावर प्राग

भूपाल मगदूमचा गुडघा आता
संध्यामठापर्यंतच साथ देतो.
कट्ट्यावर टेकला की म्हणतो,
'चल मर्दा, पूल ओलांडू.'

एकोणऐंशी साली फौंड्रीनं धाडलं होतं
साचे शिकायला. दोघांत एक ओव्हरकोट.
पुलावर पुतळे, खांद्यावर बर्फ घेऊन उभे.
यानं बोटांनी वाजवून बघितले:
'दगड हाय. ओतीव न्हाई.' आणि हिरमुसला.
सहा आठवडे पाव आणि घरची शेंगाचटणी,
शेवटी नुसतं डब्याच्या पत्र्याला बोट.

परत जायचं ठरलं होतं.
पासपोर्टचे फोटोसुद्धा काढले,
पाळीपाळीनं तोच कोट घालून.

आता पाण्यापलीकडं शालिनी पॅलेसचे दिवे लागतात
आणि तो पुतळे मोजू लागतो.
तेरावर अडखळतो, दरवेळी तेरावर.
मी पुढचा आकडा सांगत नाही,
भडंगाचा पुडा पुढं करतो.

काल मात्र पुडा हातात धरून म्हणाला,
'तिथं तुझ्यासंगं कोण हुतं रं?'
'होता एक,' म्हटलं,
'कोट घेऊन बसायचा, द्यायचा नाही.'

हसला. चार दाणे तोंडात टाकले.
'मग नालायकच म्हणायचा.'